रोजच्या वापरातली स्विफ्ट: ४० हजारांत ब्रेक आणि सस्पेन्शनचं आधी काय करावं?

पाथर्डीफाटा_१५

नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट झेडएक्सआय पेट्रोल, २०१८ ची, ७८ हजार किलोमीटर झालेली. टायर १८५/६५ आर १५, त्यांच्यावर ०९२० असा कोड आहे. रोज नाशिकचा पाथर्डी फाटा ते सिन्नरजवळची माळेगाव एमआयडीसी आणि परत, म्हणजे मोहदरी घाट रोजचाच. महिन्यातून एखाद वेळी चौघं बसून, डिकी भरून ठाण्याला कसारा घाटातून.

तक्रारी अशा. कसारा उतरताना शेवटच्या वळणांवर ब्रेक पॅडल मऊ पडतं आणि नेहमीपेक्षा खाली जातं. खाली सपाटीवर थोडा वेळ गेला की पूर्ववत. ९० च्या पुढे ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. पुढून डावीकडे छोट्या खड्ड्यांवर टकटक येते. आणि लेन बदलताना गाडी एकदा झुलून मग सावरते, आधी असं नव्हतं.

डोक्यात असं आहे: पुढे भोकं पाडलेल्या डिस्क, ३५ मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंग आणि जमलं तर मागचे ड्रम काढून डिस्क. एका ठिकाणी कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे संच) सुचवले. बजेट ४० हजार. गाडी रोज लागते, शनिवार-रविवारपेक्षा जास्त उभी ठेवता येणार नाही. सुरुवात कुठून करू?

गोदाकाठ

भाऊ, तुम्ही लक्षणं नीट लिहिलीत म्हणून उत्तर सोपं आहे. यादीतलं काहीच आत्ता घेऊ नका. गाडी नवी असताना जशी थांबायची आणि वळायची, तिथवर तिला परत आणणं हाच पहिला अपग्रेड. ७८ हजारांवर ती त्यापासून बरीच लांब गेलेली असते, आणि हळूहळू गेल्यामुळे चालवणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

आधी मऊ पॅडल. घाटात ब्रेक कमी होणं दोन प्रकारचं असतं आणि पायाला ते वेगळं कळतं. पॅडल दगडासारखं कडक राहतं पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड त्याच्या सहनशक्तीपलीकडे तापलेलं असतं. पॅडल मऊ पडून खाली जातं, तेव्हा ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. ऑइल दाबलं जात नाही, पण त्यात झालेली वाफ दाबली जाते. म्हणून पाय खाली जातो आणि कॅलिपरपर्यंत, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागापर्यंत, जोर पोचत नाही. थंड झालं की वाफ विरते आणि सगळं ठीक वाटतं. तुमचं हे दुसरं प्रकरण आहे. यावर भोकांच्या डिस्कचा काही उपयोग नाही.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डब्यावरचा डॉट क्रमांक म्हणजे त्याचा दर्जा. डॉट ३ चा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस, ओल शोषल्यावर १४०. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. म्हणजे जुनं झालेलं डॉट ४ हे ताज्या डॉट ३ पेक्षाही खूप आधी उकळतं. दर दोन वर्षांनी बदलायचं ते यासाठी. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते या गाडीत घालायचं नाही आणि इतर कशात मिसळायचंही नाही. नाव ५.१ च्या जवळचं असल्याने दुकानात गल्लत होते, डबा वाचून घ्या.

कसाऱ्यात किती उष्णता होते त्याचा हिशेब एकदा करून ठेवा. कसारा आणि इगतपुरी यांच्या उंचीत साधारण ३०० मीटरचा फरक आहे. चार माणसं आणि सामान धरून तुमची गाडी ११५० किलोच्या आसपास. ती ३०० मीटर खाली उतरवताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती हीच गाडी ८० च्या वेगावरून बारा वेळा पूर्ण थांबवण्याइतकी आहे. थोडी हवेचा विरोध आणि टायर खातात, उरलेली एकतर इंजिन घेईल नाहीतर पुढच्या दोन डिस्क. म्हणून उतारावर तिसरा, गरज पडली तर दुसरा गिअर. ब्रेकवर पाय ठेवून रेंगाळायचं नाही. वेग वाढला की एकदा ठाम दाबून १५-२० ने उतरवायचा आणि पाय पूर्ण काढायचा, म्हणजे मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाणाऱ्यांनी उतरताना हेच करावं.

ऑइल बदलायला एक लिटरचा सीलबंद डबा पुरतो. अर्धवट उघडा पडलेला डबा घेऊ नका, त्यात आधीच ओल गेलेली असते. टाकीतलं जुनं काळपट ऑइल सिरिंजने ओढून काढायचं, ताजं भरायचं, मग एकेका चाकाची हवा काढायची. चाकाजवळच्या हवा काढायच्या स्क्रूला, म्हणजे निपलला, रिंग पाना लावा, साध्या फिक्स पान्याने त्याचे कोपरे झिजतात. त्यावर पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. आतला माणूस पॅडल दाबून धरतो, बाहेरचा पाव वळसा उघडतो, ऑइल येतं, निपल बंद होतो, आणि मगच पॅडल सोडायचं. हा क्रम चुकला की नळीतून हवा परत आत. बुडबुडे थांबेपर्यंत आणि रंग स्वच्छ होईपर्यंत.

चाकांचा क्रम गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे ठेवा. तो हाताशी नसेल तर मास्टर सिलिंडरपासून (पॅडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणारा भाग) सगळ्यात लांबचं चाक आधी. उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाडीत ते मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं.

दोन गोष्टी इथे हमखास चुकतात. एक, टाकी मध्येच रिकामी होते आणि हवा एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये शिरते. मग ती साध्या पंपिंगने निघत नाही, स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो. दर सात-आठ दाबांनंतर टाकी बघा. दुसरं, जुन्या गाडीचं पॅडल पार तळापर्यंत दाबलं जातं. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात रबरी सील रोज फिरत नाही तिथे मळी आणि गंज असतो, सील त्यावर घासून फाटतं. पॅडलखाली दीड-दोन इंचाचा लाकडी तुकडा ठेवा, प्रश्न मिटतो. ऑइल रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा. शेवटी इंजिन चालू ठेवून पॅडल अर्धा मिनिट एकसारखं दाबून धरा. हळूहळू खाली सरकत गेलं तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर गेलाय.

आता थरथर. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्क, आणि ९० ला ब्रेक न दाबताही येत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग. डिस्क "वाकली" असं सगळे म्हणतात, पण बहुतेक वेळा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते किंवा पॅडचा थर एका जागी चिकटलेला असतो. मूळ कारण बरेचदा हबच्या, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, तोंडावरचा गंज. डिस्क काढून हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत करा. त्या जागी गंजाची पातळ पापडी राहिली तरी डिस्क तिरकी बसते, फिरताना डगमगते आणि काही हजार किलोमीटरांत तिची जाडी कमी-जास्त होते. नवी डिस्क घालूनही महिनाभरात थरथर परत येते ती अशी. नट क्रॉसमध्ये आणि टॉर्क पान्याने आवळा. गनने एका बाजूला जास्त आवळलं तरी हाच परिणाम होतो.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने सहा-आठ ठिकाणी मोजा. लेथवर घेतल्यानंतर ती त्या आकड्याच्या वर राहणार असेल तरच लेथ, नाहीतर साध्या नव्या डिस्कची जोडी घ्या. भोकांच्या डिस्क रोजच्या गाडीला नकोत. भोकांच्या कडांपासून तडे जातात आणि तापणारं लोखंडही कमी होतं.

पॅड घेताना मागे छापलेली दोन अक्षरं वाचा. पहिलं अक्षर साध्या तापमानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. तुमच्या वापराला दोन्ही एफ असलेला पॅड उत्तम. एफ ई असेल तर तापल्यावर तो ढिला पडणार, कसाऱ्यासाठी नको. ट्रॅकचे पॅड तर अजिबात नकोत: सकाळी थंड असताना ते चावत नाहीत, आणि गाडी ऑफिसच्या वाटेवर असताना थंडच असते.

नवे पॅड बसवल्यावर त्यांची घडी बसवावी लागते. पहाटे मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे बघून, ६० वरून २० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, मध्ये अर्धा-एक मिनिट चालवत राहून. नंतर पाच-सात किलोमीटर ब्रेक न वापरता गाडी गार करा. तापलेल्या अवस्थेत पॅडल दाबून उभे राहिलात तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि थरथर पुन्हा सुरू.

मागच्या ड्रमला डिस्क करण्याचा विचार सोडून द्या. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे येतं, थांबवण्याचं बरंच काम पुढची चाकं करतात. मागे कॅलिपर बदलला की किती ऑइल सरकवावं लागतं आणि पुढे-मागे दाब कसा वाटला जातो, ते गणित बदलतं. एबीएस त्या मूळ गणितावर बसवलेलं असतं. ड्रम उघडून साफ करा, लायनर (ड्रमवर आतून घासणारा थर) मोजा, ॲडजस्टर मोकळा फिरतो का बघा. धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आणि टायर. ०९२० म्हणजे २०२० चा नववा आठवडा. रबर वयाने कडक झालंय. कितीही भारी पॅड लावा, गाडी शेवटी चार टायर रस्त्याला जेवढं धरतात तेवढीच थांबते. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, पण इगतपुरीच्या पावसात ३ च्या खाली गेलेला टायर पाण्यावर तरंगायला लागतो. बजेटमधला सर्वात मोठा वाटा इथे जाऊ द्या.

अंबड_टूलरूम

ब्रेकचं वर सगळं आलंय, मी सस्पेन्शनवर लिहितो.

दादा, झुलणं आणि टकटक हे दोन वेगळे आजार आहेत, एकाच वेळी आले म्हणून एकत्र धरू नका. स्प्रिंग गाडीचं वजन उचलते, शॉकअप स्प्रिंगची उसळी थांबवतो. गाडी लेन बदलताना झुलून मग सावरते म्हणजे उसळी थांबत नाही, म्हणजे शॉकअप थकलेत. त्यावर कडक स्प्रिंग लावली तर थकलेल्या शॉकअपला आणखी जोरदार उसळी आवरावी लागेल आणि गाडी जास्त उड्या मारेल. लोअरिंग स्प्रिंगबद्दलच्या निम्म्या तक्रारी इथून येतात.

तपासायचं असं. बोनेटचा कोपरा दाबून सोडायची जुनी पद्धत फक्त पार मेलेला शॉकअप पकडते, अर्धा गेलेला नाही. त्यापेक्षा चाक काढून डस्ट कव्हर वर सरकवा. शॉकअपच्या नळीवर हलकी ओलसर धूळ चालते, पण तेलाचा ओघळ दिसला तर तो बाद. मग टायरच्या नक्षीवरून तळहात गोल फिरवा. ठरावीक अंतरावर उंच-सखल लागलं तर चाक रस्त्यावर नाचतंय. बंप स्टॉप, म्हणजे रॉडवरचा फोमचा तुकडा, भुगा झालेला असेल तर तोही घ्या. छोटी वस्तू आहे, पण ती नसली की मोठ्या खड्ड्यात लोखंडावर लोखंड आपटतं.

टकटकीचा पहिला संशयित लिंक रॉड, म्हणजे वळणावरचं कलणं आवरणाऱ्या आडव्या दांड्याला जोडणारा छोटा रॉड. हळू वेगात, एकाच चाकाखाली छोटा खड्डा आला की वाजतो. दोन्ही चाकं जमिनीवर असताना लिंक रॉड मुठीत धरून जोरात हलवा, आवाज हाताला लागतो. तिथे नसेल तर गाडी घोडीवर (स्टँडवर) घ्या आणि टॉमी (छोटी पहार) घालून लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांडीचा, मागचा मोठा बुश (रबरी सांधा) हलवून बघा. रबराला आरपार चीर असेल तर ब्रेक मारताना चाक किंचित मागे जातं, आणि थरथरीतही त्याचा हात असतो. चाक घड्याळातल्या बारा आणि सहावर धरून हललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, तीन आणि नऊवर हललं तर टाय रॉड एंड. स्ट्रट म्हणजे पुढचा स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र संच; त्याचं वरचं माउंट तपासायला एकाने उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवावं आणि दुसऱ्याने स्प्रिंगला हात लावून ठेवावा. स्प्रिंग अडकून एकदम "टण्ण" करत सुटली तर माउंटचं बेअरिंग गेलं.

शॉकअप नेहमी जोडीने बदला, पुढचे दोन किंवा मागचे दोन. एक नवा, एक जुना ठेवलात तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. ब्रँडमध्ये अडकू नका: गॅब्रिएल, मनरो, केवायबी यांपैकी तुमच्या मॉडेलचा नेमका भाग क्रमांक ज्याचा मिळेल तो घ्या, मूळ कंपनीचा मिळाला तर तोही चांगलाच. "स्विफ्टचाच आहे, बसतो" एवढ्यावर विश्वास नको. स्विफ्टच्या पिढ्या वेगळ्या आणि डिझेलचं पुढचं वजनही वेगळं.

पीयू (पॉलियुरेथेन) बुशचं वेड दिसलं तर टाळा. ते कडक असतात, स्टिअरिंग टोकदार होतं हे खरं, पण खड्ड्यांचा प्रत्येक दणका बॉडीत येतो आणि ग्रीस वाळलं की कुरकुरतात. रोजच्या गाडीला मूळ रबर.

कॉइलओव्हर तुमच्यासाठी नाहीत. उंची ठरवणाऱ्या आट्या चिखल-पाण्यात दोन पावसाळ्यांत जाम होतात, आणि या बजेटमध्ये मिळणाऱ्या स्वस्त किटचे शॉकअप मूळपेक्षा खराब असतात.

गतिरोधक_मोजणारा

लोअरिंगला सरसकट नाही म्हणणं मला पटत नाही, पण ३५ मिलिमीटर जास्तच आहे.

या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर. ३५ गेले की उरले १२८, तेही रिकाम्या गाडीचे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. कॉलनीत घातलेले गतिरोधक उंचीला तेवढे किंवा जास्त, पण रुंदीला मीटरभरसुद्धा नसतात, म्हणून पोट घासतं. आणि सध्या सिंहस्थाच्या तयारीत शहरात जागोजागी खोदकाम आहे.

शिवाय पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. मूळ उंचीला लोअर आर्म साधारण आडवा असतो. गाडी इतकी खाली आली की आर्मचं बाहेरचं टोक आतल्यापेक्षा वर जातं, आणि ज्या बिंदूभोवती बॉडी वळणावर कलते तो बिंदू गाडीपेक्षा जास्त खाली सरकतो. म्हणजे गाडी खाली करूनही वळणावर कलण्याचा जोर वाढतो. त्यामुळे १५ ते २० मिलिमीटर, त्यापुढे नाही. आणि त्यासोबत कमी लांबीचे शॉकअप, उदाहरणार्थ बिल्स्टाईनचे बी८ हे खाली केलेल्या गाडीसाठीच असतात. बी४ मूळच्या बदली, बी६ मूळ उंचीसाठी. आपल्या मॉडेलला भाग क्रमांक आहे का हे आधी बघा, पैसे नंतर द्या.

मूळ स्प्रिंगचे वेढे कापून गाडी खाली करून देणारे असतात. तिथे कधीच जाऊ नका. कापलेलं टोक स्प्रिंगच्या बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक खड्ड्यात पूर्ण खाली लोंबलं की स्प्रिंग जागेवरून सरकू शकते.

कलम_५२

इथे कायद्याचाही भाग आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या आणि कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

झिजलेला भाग काढून त्याच मापाचा भाग घालणं ही दुरुस्ती आहे: पॅड, डिस्क, शॉकअप, बुश, टायर. त्याची पक्की बिलं भाग क्रमांकासह जपून ठेवा. मागच्या ड्रमची डिस्क करणं किंवा गाडीची उंची बदलणं हा वेगळा विषय आहे. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो, आणि न कळवलेला बदल सापडला तर दाव्यात अडचण येऊ शकते. ब्रेकच्या बाबतीत तर हा धोका पत्करूच नये.

पाथर्डीफाटा_१५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल गाडी घोडीवर घेऊन बघितली. ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचं आहे. पुढच्या डाव्या चाकाला आतला पॅड ३ मिलिमीटर उरलाय आणि बाहेरचा ७. उजवीकडे दोन्ही ६ च्या आसपास. डावा लिंक रॉड हाताने वाजतोय. उजव्या स्ट्रटवर तेलाचा ओघळ आहे. लोअर आर्मच्या बुशला वरवर बारीक भेगा आहेत, आरपार नाहीत.

तीन प्रश्न. आतला-बाहेरचा पॅड इतका वेगळा का झिजला? टायर १९५ रुंदीचे घेतले तर? आणि स्प्रिंगच्या वेढ्यांत बसवायचे रबरी बफर सगळीकडे विकायला दिसतात, चौघं बसल्यावर मागून गाडी बसते त्याला ते चालतील का?

गोदाकाठ

आतला कमी आणि बाहेरचा जास्त उरलाय, म्हणजे कॅलिपर त्याच्या पिनांवर सरकत नाहीये. पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो, आणि मग सगळा कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिन अडकली की आतला एकटाच काम करतो. तुमची डावी डिस्क याच कारणाने जास्त तापत असणार, आणि ऑइल उकळायला त्याच चाकापासून सुरुवात झाली असणार.

दोन्ही पिना बाहेर काढा. त्या एकसारख्या नसतात, एकीवर रबराची बाही असू शकते. कुठली वर आणि कुठली खाली होती याचा फोटो काढून ठेवा. जुनं ग्रीस पूर्ण पुसा, भोकाच्या आतलंही. पिनेवर गंजाचा खड्डा दिसला तर पॉलिश करत बसू नका, नवी घाला. ग्रीस सिलिकॉनचं, ब्रेकसाठीचंच. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं की त्यातल्या पेट्रोलियमने रबर फुगतं आणि पिन पहिल्यापेक्षा घट्ट बसते. भोक ग्रीसने ठासून भरू नका, हवा अडकून पिन पूर्ण आत जात नाही. पातळ थर पुरे. पॅड ज्या पत्र्याच्या क्लिपमध्ये सरकतात तिथला गंज कानसने काढा आणि क्लिप नव्या घाला. कॅलिपर नळीवर लोंबकळत सोडू नका, तारेने स्प्रिंगला बांधा.

पिस्टन मागे ढकलताना जोर लागत असेल किंवा त्याचं रबरी कव्हर फाटलेलं असेल, तर कॅलिपरचं सील किट घालायला लागेल. हे काम ऑइल बदलायच्या आधीच उरका. पॅड डावे-उजवे चारही नवे घाला, उजवे ६ मिलिमीटर उरले असले तरी.

टायरचं: आधी रिमच्या आत कोरलेली रुंदी वाचा. ५ इंच असेल तर १८५ वरच राहा, १९५ च्या टायरला साडेपाच इंची रिम लागते. रिम बदलायची असेल तरच १९५/५५ आर १६ चा विचार करा, कारण तिचा बाहेरचा व्यास मूळ ६२१ मिलिमीटरच्या अगदी जवळ येतो. पण भारांक ८८ वरून ८७ होतो, म्हणजे टायरमागे ५६० ऐवजी ५४५ किलो, आणि टायरची भिंत १३ मिलिमीटरने आखूड होते. खड्ड्यात रिम वाकण्याचं प्रमाण त्याने वाढतं. १८५/६५ आर १५ मध्येच ओल्या रस्त्यावर चांगली पकड असलेला टायर घ्या, खरेदी करताना त्याचा आठवडा-वर्षाचा कोड बघून घ्या.

अंबड_टूलरूम

रबरी बफर नका लावू. वेढ्यांमध्ये बफर बसला की तेवढे वेढे काम करायचे थांबतात, स्प्रिंग तिथे कडक होते आणि उरलेल्या वेढ्यांवर जास्त ताण येतो. शॉकअप मूळ स्प्रिंगच्या हिशेबाने बनवलेला आहे, तो ही उसळी आवरू शकत नाही. मागे बसते त्याचं कारण आधी शोधा: सपाट जागेवर रिकाम्या गाडीत, टायरमध्ये योग्य हवा भरून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत डावी-उजवी उंची मोजा. दोन्हींत १० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर स्प्रिंग बसलेली किंवा तुटलेली आहे, जोडी बदला. फरक नसेल तर चार माणसं आणि भरलेली डिकी घेऊन गाडी थोडी बसणारच. चौघांच्या प्रवासाला निघताना मागच्या टायरची हवा ड्रायव्हरच्या दरवाज्यावरच्या स्टिकरमधल्या पूर्ण भाराच्या आकड्याएवढी करा. बहुतेक लोक तो दुसरा आकडा वाचतच नाहीत.

आता दोन दिवसांत काम कसं बसवायचं. शनिवारी पुढचे दोन्ही स्ट्रट, दोन्ही माउंट, बंप स्टॉप, डस्ट कव्हर आणि दोन्ही लिंक रॉड एकदमच. स्ट्रट एकदा उतरवला की माउंट बदलायला वेगळी मजुरी पडत नाही; जुनं माउंट परत घातलंत तर वर्षभरात तेच सगळं पुन्हा उघडावं लागेल. लोअर आर्मचा बुश वरवर भेगांचा आहे, तो यावेळी राहू द्या, पुढच्या सर्व्हिसला पुन्हा बघा. मागच्या टॉर्शन बीमला (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे आहेत, तिथे शॉकअप बदलणं तासाभराचं काम आहे. फक्त दोन्ही बाजूंचे एकदम सोडू नका आणि बीमखाली जॅक ठेवा, नाहीतर बीम लोंबकळून ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात.

मेकॅनिककडून हे मात्र करवून घ्याच. स्प्रिंग दोन्ही बाजूंनी कॉम्प्रेसरने आवळल्याशिवाय स्ट्रटच्या मधल्या नटला हात लावायचा नाही. आवळलेली स्प्रिंग सुटली तर माणूस दगावू शकतो. नवा शॉकअप बॉक्समध्ये आडवा पडलेला असतो, बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण आत-बाहेर करा म्हणजे आतली हवा वर येते. चकचकीत रॉड पकडीने धरायचा नाही. एक ओरखडा पडला तरी सील फाटून काही महिन्यांत तेल गळतं. मधला नट गनने आवळू नका, रॉड फिरतो. ॲलन कीने रॉड धरून हाताने आवळायचा.

आणि सर्वात जास्त दुर्लक्षित राहणारी गोष्ट: बुशमधून जाणारे बोल्ट, मग ते मागच्या शॉकअपचे असोत की कधी बदललेल्या लोअर आर्मचे, चाकं लोंबकळत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. हाताने लावून ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, मग आवळा. वर आवळले तर रबर त्या स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली बसली की कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नवे बुश सहा महिन्यांत गेले असं ऐकलंत तर बहुधा हेच झालेलं असतं.

रविवारी ब्रेक आणि टायर, आणि शेवटी अलाइनमेंट. टायर नवे घालून जुन्याच अलाइनमेंटवर चालवलंत तर आतली कड खाल्ली जाईल. मशीनचा आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंट मागून घ्या. पुढच्या चाकांचा टो (वरून बघताना चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) कंपनीच्या मर्यादेत हिरवा हवा आणि डावी-उजवी बाजू जवळपास सारखी हवी. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये (समोरून बघताना चाकाचा कल) अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर स्ट्रटला चाकाशी जोडणाऱ्या दोन बोल्टांच्या भोकांत थोडी ढील असते, ते सैल करून फरक कमी करता येतो का ते विचारा. मागच्या टॉर्शन बीमचं या गाडीत काही ॲडजस्ट होत नाही. तिथला आकडा लाल असेल तर बीम वाकलाय किंवा स्टब वाकलाय, त्याचे वेगळे पैसे घेऊन कोणी "सेट करून देतो" म्हणालं तर ऐकू नका.

खर्चाचा अंदाज, दुकानागणिक कमी-जास्त होईल: चार टायर २२ ते २६ हजार, पुढचे स्ट्रट जोडी ५ ते ७ हजार, माउंट आणि लिंक रॉड मिळून तीनेक हजार, मागचे शॉकअप तीनेक हजार, पॅड-क्लिप-ऑइल अडीच ते तीन हजार, बाकी मजुरी आणि अलाइनमेंट. वरचे आकडे लागले किंवा डिस्क घ्याव्या लागल्या तर बजेट ओलांडेल. तसं झालं तर मागचे शॉकअप महिनाभर पुढे ढकला, टायर नाही.

पाथर्डीफाटा_१५

समजलं. डिस्कची जाडी मोजून आधी ठरवतो, मग भाग क्रमांक घेऊन ऑर्डर देतो. पिनांसाठी सिलिकॉन ग्रीस आणि लाकडाचा तुकडा आजच आणून ठेवले.

गोदाकाठ

उत्तम. जाडी मोजताना डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून सेंटिमीटरभर आत मोजा. कडेला पॅड पोचत नाही, तिथे गंजाचा उंचवटा राहतो आणि आकडा खोटा मोठा येतो. व्हर्निअर वापरलात तर त्याचे जबडे त्याच उंचवट्यावर टेकतात, म्हणून मायक्रोमीटरच घ्या.